रानवाटेवरील आपद्धर्म : वैद्याने काय द्यावे, काय नाकारावे

मृगाचा पहिला पाऊस पडला की सह्याद्रीच्या घाटवाटा माणसांनी फुलू लागतात. शनिवार-रविवारी पाठपिशवी घेऊन डोंगराकडे निघणाऱ्या तरुण मंडळींची संख्या गेल्या दोन-अडीच दशकांत फार वाढली असून, त्यांतील अनेकजण निघण्यापूर्वी जवळच्या वैद्याकडे अथवा आयुर्वेदीय औषधी दुकानात डोकावतात. ‘जंगलात राहायला चाललो आहोत, काहीतरी पुडी बांधून द्या’ ही मागणी आपल्या बहुतेक व्यावसायिक बंधुभगिनींच्या परिचयाची असेल. अलीकडे या मागणीसोबत दूरचित्रवाणीवरून व परदेशी पुस्तकांतून उचललेले बरेचसे ज्ञानही येते. झाडपाल्यावर चार दिवस कसे काढावेत, निवडुंगातून पाणी कसे काढावे, साप चावल्यास काय चोखावे, हे सारे त्यांनी पाहिलेले असते. आपण ‘रानातले जाणकार’ म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. हे शिक्कामोर्तब कोठे करावे आणि कोठे ठामपणे नकार द्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या दोन शब्दांवर विसंबून माणसे दुर्गम जागी जातात, म्हणून हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे असे आम्ही मानत नाही.

प्रथम वाट चुकण्याविषयी. ‘ओढ्याच्या कडेने उतरत जा, गाव सापडेल’ हा सल्ला पाश्चात्त्य ग्रंथांत वारंवार आढळतो. सौम्य उताराच्या प्रदेशात तो योग्यही असेल. सह्याद्रीत मात्र तो प्राणघातक ठरू शकतो. आपले डोंगर बेसाल्टच्या एकावर एक साचलेल्या थरांचे असल्यामुळे त्यांची रचना पायऱ्यांसारखी आहे. थोडा सपाट पदर, मग उभा कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. ओढा या पायरीवर आला की त्याचा धबधबा होतो आणि त्याच्या काठाने उतरणारा मनुष्य शेवाळलेल्या खडकावर, मागे चढता येत नाही व पुढे उतरता येत नाही, अशा जागी अडकतो. म्हणून वाट हरवली असे वाटताच थांबावे, बसावे, पाणी प्यावे आणि शेवटची खात्रीची खूण दिसली होती तेथवर परत जाता येते का ते पाहावे. ते शक्य नसेल, किंवा अंधार वा धुके असेल, तर तेथेच निवारा करून उजाडण्याची वाट पाहावी. शिट्टी हे सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त साधन होय. मिनिटभरात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा सहा, हा गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकटसंकेत आहे आणि मिनिटाला तीन शिट्ट्या हे त्याचे उत्तर. घसा फोडून ओरडणारा मनुष्य तासाभरात थकतो. शिट्टी फुंकणारा रात्रभर टिकतो. औषधी दुकानाच्या गल्ल्याजवळ चार शिट्ट्या टांगून ठेवण्यास काहीच हरकत नसावी.

पाणी : प्रसादन आणि पाचन

रानातील पाण्याच्या बाबतीत आपल्या संहितांचे मार्गदर्शन आजही नेमके आहे, मात्र ते नीट वाचले पाहिजे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात गढूळ पाणी स्वच्छ करणारी सात द्रव्ये सांगितली आहेत. कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती व मणी. त्याच प्रकरणी दूषित पाणी अग्नीवर कढविणे, उन्हात तापविणे, तापलेला लोहगोल त्यात विझविणे हे उपाय वेगळे दिले आहेत. या दोन याद्या एकमेकींपासून अलग का, हे ध्यानी घेतले की सारा प्रश्न सुटतो. पाणी निवळणे वेगळे आणि पाणी निर्दोष होणे वेगळे.

निवळीचे बी भांड्याच्या आतील बाजूस खडबडीत भागावर थोडे उगाळून पाणी ढवळले असता त्यातील प्रथिनांसारखी द्रव्ये मातीच्या सूक्ष्म कणांना एकत्र बांधतात आणि गाळ तळाशी बसतो. शेवग्याच्या बियांची पूडही असेच कार्य करते. गाळाबरोबर जंतूंचा बराचसा अंश खाली जातो हे खरे. परंतु वर राहिलेले नितळ पाणी जंतुरहित नसते. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांना कारणीभूत होणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. किल्ल्यांवरील कातळात खोदलेल्या टाक्यांचे पाणी अतिशय नितळ दिसते. त्यात माकडे, गुरे व माणसे यांचा वावर किती, हे त्या नितळपणावरून कळत नाही. म्हणून क्रम असा सांगावा : आधी पंचा वा धोतराचे वस्त्र चार पदरी करून गाळणे, गढूळ असल्यास निवळीने बसविणे, वरचे पाणी अलगद ओतून घेणे आणि मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवणे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर ही वेळ तीन मिनिटे धरावी असे सांगितले जाते. परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे असल्याने आपल्या डोंगरांत एक मिनिट पुरते. हिमालयात जाणाऱ्यास मात्र हा फरक अवश्य सांगावा.

सरपण नसेल तर सूर्यतापाचा मार्ग आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती स्वच्छ उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ बरेचसे ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. येथेही पाणी आधी निवळलेले असणे अनिवार्य आहे, कारण गढूळ पाण्यात किरण आत शिरत नाहीत. भर पावसाळ्यात हा उपाय जवळजवळ निरुपयोगी होय. त्या दिवसांत क्लोरीनच्या गोळ्या जवळ असणे बरे. त्या आपल्या दुकानात नसतील तर शेजारच्या दुकानातून घेण्यास सांगण्यात आपल्या शास्त्राचा काही कमीपणा होत नाही.

निवळीसंबंधी औषधविक्रेत्यांना एक कळकळीची सूचना आहे. निवळी आणि कुचला ही एकाच कुळातील, किंबहुना स्ट्रिक्नॉस या एकाच प्रजातीतील झाडे. कुचल्याला कोकणात काजरा म्हणतात आणि त्याचे झाड रानोमाळ आढळते. कुचल्याचे बी चपटे, शर्टाच्या मोठ्या गुंडीसारखे, रेशमी लव असलेले. निवळीचे बी त्याहून लहान व गोलसर. दोहोंची सरमिसळ झाली तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. स्ट्रिक्नीनने येणारे आचके दुर्गम रानात आवरणे अशक्यप्राय आहे. म्हणून निवळी देताना प्रत्येक बी हाताखालून गेले पाहिजे, पुडीवर नाव स्पष्ट लिहिले पाहिजे आणि ‘रानात स्वतः शोधून वापरू नका’ हे वाक्य तोंडी सांगितले पाहिजे.

चाखून पाहण्याचा धोका

परदेशी ग्रंथांत अनोळखी वनस्पती खाण्यायोग्य आहे की नाही हे ठरविण्याची एक रीत दिलेली असते. आधी त्वचेवर घासावे, मग ओठाला लावावे, मग जिभेवर ठेवावे, मग घासभर खाऊन काही तास थांबावे. वरवर पाहता ती पद्धतशीर वाटते. आमच्या मते आपल्या वैद्यांनी या रीतीला कदापि दुजोरा देऊ नये, आणि त्याचे कारण आपल्याच अगदतंत्रात आहे : सर्व विषे तत्काळ लक्षणे दाखवीत नाहीत.

कळलावीचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर तिची ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले कोणाचेही लक्ष वेधून घेतात. पानाच्या टोकाशी असलेल्या वळीव तणाव्याने ती आधाराला बिलगते, आणि तिचा कंद दुभंगलेल्या नांगरासारखा असतो. ‘लांगली’ हे संस्कृत नाव त्यावरूनच आले. भुकेलेल्या माणसाला हा कंद रताळ्याच्या वा कोनाच्या कंदासारखा भासू शकतो. त्यातील कोल्चिसीनमुळे होणारी उलटी व अतिसार काही तासांनी सुरू होतात. रुग्णाला व सोबत्यांना ते साधे अन्नविष वाटते, मधे थोडा आरामही पडल्यासारखा होतो आणि त्यानंतर एकेक अवयव निकामी होऊ लागतो. ओठाला लावून व जिभेवर ठेवून हे कळणारे नव्हे. गुंजेचेही तसेच. अखंड कवचाचे बी पोटातून तसेच निघून जाऊ शकते, पण चावलेले बी घातक ठरते. मोगली एरंडाच्या बिया तर चवीला बऱ्या लागतात, आणि म्हणूनच मुले त्या खातात व उलट्यांनी बेजार होतात. लांगली, गुंजा, विषमुष्टी, धत्तूर, स्नुही ही सारी नावे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखालील अनुसूची ई(१) मध्ये विषद्रव्ये म्हणून दिलेली आहेत. ती यादी आपण केवळ लेबलापुरती पाहतो. डोंगरात जाणाऱ्याला त्यांतील चार वनस्पती चित्रावरून ओळखावयास शिकविणे हा तिचा अधिक चांगला उपयोग होईल.

स्नुहीचा विषय निघालाच आहे तर ‘निवडुंगातील पाण्या’चाही समाचार घेऊ. अमेरिकेतील वाळवंटात वाढणाऱ्या वनस्पतींची कथा येथे जशीच्या तशी आणली जाते. महाराष्ट्राच्या माळरानावर व कड्यांवर ज्या काटेरी, मांसल वनस्पतींना लोक सरसकट निवडुंग म्हणतात, त्यांतील अनेक यूफोर्बिया वर्गातील, चीक असलेल्या आहेत. तो दुधाळ चीक तोंडात दाह करतो, पोटात गेल्यास तीव्र विरेचन घडवितो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीला इजा करतो. तहानलेल्या माणसाला विरेचन घडविणे म्हणजे त्याचे उरलेले पाणीही काढून घेणे होय. डोळ्यांत चीक गेल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावे व नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. तूप, मध, दूध घालीत बसू नये.

रानात राहणारे आदिवासी बांधव रानभाज्या व कंद खातातच की, असा प्रश्न कोणी विचारील. खातात, परंतु त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची प्रक्रिया असते. शेवळाची भाजी काकडाच्या फळांसारखी आंबट जोड दिल्यावाचून केली तर घसा खाजून बेजार होतो. कडू करांदे राखेच्या पाण्यात उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून, मगच खाल्ले जातात. पुस्तकातले चित्र पाहून हे ज्ञान येत नाही. आणि मुळात त्याची आवश्यकताही नाही. वाट चुकलेला मनुष्य बहुधा एक-दोन दिवसांत सापडतो. अन्नावाचून निरोगी माणूस कित्येक दिवस तग धरू शकतो. पाणी, ऊब आणि स्थिर बुद्धी या तीन गोष्टी त्याला हव्या असतात. करवंद, जांभूळ, तोरण ही लहानपणापासून ओळखीची फळे सोडून दुसरे काहीही तोंडात घालू नये, एवढा एकच नियम सांगावा.

सर्पदंश

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले, त्याकडे वळू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या मृत्यूंमागे प्रतिविष मिळण्यास झालेला उशीर हे मोठे कारण आहे. तो उशीर रस्त्याअभावी होतो, तसाच मध्ये केलेल्या उपचारांमुळेही होतो. त्या उपचारांत आपली पुडी असू नये.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २३ व्या अध्यायात विषाचे २४ उपक्रम सांगितले असून त्यांत अरिष्टाबंधन, उत्कर्तन, आचूषण यांचा समावेश आहे. सुश्रुताचार्यांनीही कल्पस्थानात दंशाच्या वर चार अंगुळे बांधण्यास सांगितले आहे. ज्या काळी रक्तातील विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य उपलब्ध नव्हते, त्या काळी विष शरीरात पसरू न देणे हाच एक आशेचा मार्ग होता, आणि आचार्यांनी तो तर्कशुद्धपणे मांडला. आज परिस्थिती बदलली आहे. त्या संहितांतील बांधण्या-कापण्याचा भाग डोंगरात वापरू नये असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. त्याची कारणे अशी.

घोणस व फुरसे यांचे विष दंशाच्या जागी मांस कुजविते. वर घट्ट बांधल्यास ते विष तेथेच कोंडले जाते, रक्तपुरवठाही बंद होतो आणि अवयव गमावण्याची पाळी येते. नाग व मण्यार यांच्या दंशात बांधलेले अचानक सोडले तर साचलेले विष एकदम रक्तात मिसळते आणि रुग्णालयाच्या दारातच श्वास थांबू शकतो. कापण्याविषयी सांगायचे तर घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. तेथे केलेली बारीकशी चीर तासन्‌तास वाहत राहते. चोखून विष निघत नाही, चोखणाऱ्याच्या तोंडात जखम असल्यास त्याचाही जीव धोक्यात येतो.

मग करावे काय? दंश झालेल्याला धीर द्यावा. बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. हा दिलासा खोटा नाही. अंगठ्या, कडी, घड्याळ, बूट लगेच काढावेत, कारण पुढे सूज येते. दंश झालेला हात वा पाय, हाड मोडल्यावर बांधावा तसा, काठीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर करावा. रुग्णाला चालवू नये, उचलून न्यावे. १०८ वर कळवावे व ज्या रुग्णालयात प्रतिविष आहे तेथेच जावे. वाटेत दिसलेली लक्षणे, म्हणजे पापण्या जड होणे, बोलणे अस्पष्ट होणे, हिरड्यांतून रक्त येणे, लघवीचा रंग बदलणे, ही वेळेसह लिहून ठेवावीत. साप मारून वा पकडून नेण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर एकत्रितपणे चालणारे असल्याने साप हाती नसला तरी उपचार अडत नाही. सह्याद्रीच्या रानात हिरवा चापडाही असतो. त्याच्यावर हे प्रतिविष लागू पडत नाही, त्याचा दंश क्वचितच प्राणघातक ठरतो. पण तो निर्णय रुग्णालयात व्हावा.

दर्वीकर, मंडली व राजिमान हे सुश्रुतोक्त वर्गीकरण आजही निदानाला दिशा देते, आणि त्यांतील राजिमान गटाशी ज्याची सांगड घातली जाते त्या मण्यारीविषयी तंबूत राहणाऱ्यांना विशेष सावध केले पाहिजे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिच्या दंशाची खूण व वेदना पुष्कळदा नगण्य असते. पहाटे पोटात दुखू लागते, घसा आवळतो, पापण्या उघडत नाहीत. सोबत्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. अशा वेळी हिंग्वष्टक वा शंखवटी देऊन ‘तासभर पाहू’ म्हणणे म्हणजे मौल्यवान तास घालविणे. उघड्यावर झोपून उठलेल्या माणसाच्या पोटदुखीबरोबर पापणी पडत असेल तर ती सर्पदंश समजून चालावे. तंबूचे तोंड पूर्ण बंद करून झोपणे, गुहेत वा पडवीत झोपताना अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी लावणे, हा त्यावरील खरा उपाय होय.

‘सर्पविषहर’ म्हणून गुटी, जडी वा लेप मागणाऱ्याला तो देऊ नये. रुग्ण वाचला तर त्या गुटीचे नाव होते, आणि पुढच्या वेळी रुग्णालयाऐवजी त्या गुटीवर भरवसा टाकला जातो. येथे नफा किती हा प्रश्नच गैरलागू आहे.

विंचवाबाबत थोडक्यात. काळ्या विंचवाचा दंश वेदनादायक पण बहुधा निरुपद्रवी; कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील लाल विंचू मात्र हृदयावर आघात करतो, विशेषतः मुलांच्या. भरपूर घाम, हातपाय गार पडणे, उलटी, धाप ही चिन्हे दिसताच रुग्णालय गाठावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या उपयोगाने या दंशातील मृत्यू मोठ्या प्रमाणावर कमी करून दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. तालुक्याच्या गावी राहून केलेले हे निरीक्षण कोणत्याही पॅथीच्या चिकित्सकाने अभिमानाने सांगावे असे आहे.

आग्या मोहोळाखाली सुगंधी तेल, धूर व गोंगाट टाळावा. माश्या उठल्या तर डोके झाकून पळत सुटावे, हात झाडीत उभे राहू नये. शक्य तितक्या लवकर नांग्या खरवडून काढाव्यात. चेहरा सुजणे, धाप, चक्कर ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब परवडणारा नाही. जळू लागली तर घाबरण्याचे कारण नाही, हे तर आपल्याइतके कोण जाणतो? नखाच्या कडेने तिचे तोंड सरकवून सोडवावी, जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. रक्त काही वेळ वाहते, त्याचे भय बाळगू नये.

अस्थिभंग, थंडी व ऊन

घसरून हातपाय मोडणे हा डोंगरातील नेहमीचा अपघात. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत कुशा म्हणून मधूक, उदुंबर, अश्वत्थ, पलाश, अर्जुन, वंश इत्यादींच्या साली व काड्या सांगितल्या आहेत. सह्याद्रीत हे काम कारवी उत्तम करते. ज्या काठ्यांनी डोंगरातील घरांचे कूड विणले जातात, त्याच सरळ व हलक्या काठ्या कापडात गुंडाळून मोडलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंस ठेवाव्यात. मात्र वरचा व खालचा असे दोन्ही सांधे त्यात आले पाहिजेत आणि गाठ मोडलेल्या जागेवर येता कामा नये. फार सैल बांधल्यास स्थैर्य राहत नाही व फार आवळल्यास सूज, वेदना व पाक होतो, हा आचार्यांचा इशारा प्रत्येक पथकाला सांगण्याजोगा आहे. बांधल्यावर बोटांची नखे दाबून त्यांत रक्त परत येते का, हे दर अर्ध्या तासाने पाहावे. हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. ओल्या स्वच्छ कापडाने झाकावे. उंचावरून पडलेल्याच्या मानेला वा पाठीला इजा झाल्याचा संशय असल्यास त्याला हलवू नये व लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र यांच्यासारख्या प्रशिक्षित बचाव पथकाची वाट पाहावी. इतरांना वाहून नेण्यासाठी डोंगरातील गावांची झोळीच सर्वांत भरवशाची : लांब वासा आणि घट्ट बांधलेली घोंगडी.

घोंगडीवरून आठवले. पावसाळ्यात सह्याद्रीवर बर्फ नसते म्हणून थंडीने कोणी मरत नाही, असा समज आहे. ओले कपडे व माथ्यावरचा वारा मिळून शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली नेऊ शकतात. कापणारा माणूस अडखळत बोलू लागला, मग कापणेच थांबले, तर अवस्था गंभीर आहे. ओले कपडे काढून कोरडे घालावे, जमिनीवर पेंढा वा पाने अंथरून मग निजवावे, शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय द्यावे. मोठी प्लास्टिकची पिशवी डोक्याच्या जागी भोक पाडून अंगात घातली तरी बराच बचाव होतो. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते. धनगर बांधवांच्या खांद्यावरील घोंगडी उगीच नाही. मद्य मुळीच देऊ नये, त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारून ऊब अधिकच निघून जाते. आसवारिष्टांतही स्वयंजनित मद्यांश असतो, म्हणून ‘गरम पडते’ या समजुतीने ती पाजू नयेत.

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो. घाम व अतिसार यांनी गेलेले पाणी भरून काढण्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ करवून घ्यावे. मीठ अधिक पडू देऊ नये. खारट पेज वा कोकमाचे सरबतही चालेल. परंतु अंग तापलेले असून मनुष्य असंबद्ध बोलत असेल तर तो उष्माघात होय. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतीत वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात काही घालू नये व त्वरित हलवावे.

आग पेटविण्यासाठी आपल्या दुकानातील कापूर सर्वांत सोयीचा. तो दमट हवेतही पेट घेतो. घट्ट झाकणाच्या डबीत द्यावा व तो पोटात गेल्यास आचके येतात हे लहान मुले सोबत असणाऱ्यांना सांगावे. अभयारण्यात आग लावण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे, हेही सांगावे.

आमच्या मते दुकानातून द्यावयाच्या पुडीत एवढेच असावे : जलसंजीवनीची पाकिटे, कापराची डबी, हळद, ओळख पटवून दिलेली निवळी, तीन मीटर मांजरपाट, रुंद पट्टी, शिट्टी आणि एक कागद. कागदावर १०८ व ११२ हे क्रमांक, जाण्याच्या ठिकाणाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय आणि तेथे सर्पविषावरील प्रतिविष उपलब्ध आहे किंवा नाही, हे लिहिलेले असावे. ही शेवटची माहिती निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारावी लागते, आणि डोंगरात जाणाऱ्यांपैकी फारच थोडे ती विचारतात. पुडी बांधता बांधता तो दूरध्वनी दुकानातूनच लावून देता येईल.